नागिणीच्या बीनपासून डीजेच्या भिंतीपर्यंत

वढू बुद्रुक (ता. शिरूर) - पुण्याहून नगर रस्त्याने निघून कोरेगाव भीमाला डावीकडे वळले, की थोड्याच अंतरावर वढू बुद्रुक लागते. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे हे गाव महाराष्ट्रभर ठाऊक आहे. लग्नसराईत या रस्त्याने संध्याकाळी प्रवास करणाऱ्यास समाधीच्या कमानीआधी बहुधा एखादी वरात भेटते. वरात दिसण्यापूर्वीच छातीत धडधड सुरू होते, गाडीच्या काचा थरथरतात, आणि मग वळणावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची काळी भिंत समोर येते. त्या भिंतीला आपल्याकडे एकच नाव आहे - डीजे.

या शब्दाचा प्रवास मोठा मौजेचा आहे. इंग्रजीत ‘डीजे’ म्हणजे ‘डिस्क जॉकी’, म्हणजे तबकड्या निवडून वाजविणारा माणूस. शिरूर-दौंडकडे ‘डीजे सांगितला का?’ असे विचारले जाते, तेव्हा विचारणाऱ्याच्या मनात माणूस नसतो. स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, जनरेटर आणि ती वाहणारी ट्रॉली असते. जो माणूस लॅपटॉपपुढे बसलेला असतो तो नुसता ‘ऑपरेटर’. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे याच भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. पोलिसांनीही ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’ अशा मोहिमा काढल्या. ज्या रे डॉल्बी यांच्या कंपनीचे हे नाव, त्यांनी १९६५ मध्ये सुरू केलेल्या व्यवसायाची पहिली कीर्ती ध्वनिफितीवरील खरखर कमी करणाऱ्या तंत्राची होती. गोंगाट घटविण्यासाठी नाव कमावलेल्या गृहस्थाचे नाव आपण गोंगाटाला दिले आहे!

इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास सांगताना साधारणपणे जर्मनीतील क्राफ्टवेर्क, शिकागोचे हाऊस, डेट्रॉइटचे टेक्नो अशी नावे येतात. ती यायलाच हवीत. मात्र आपल्याकडे हे संगीत नाइट क्लबातून खाली उतरले नाही. ते चित्रपटाच्या ध्वनिमुद्रण कक्षातून थेट रस्त्यावर आले आणि रस्त्यावर त्याने वेगळेच रूप घेतले. प्रथम यंत्राने वाद्याची नक्कल केली, मग वादकाची जागा घेतली आणि शेवटी वाजविणाऱ्याचे नावच पुसून टाकले.

पहिली नक्कल

सुरुवात १९५४ च्या ‘नागिन’पासून करता येते. हेमंतकुमार यांचे संगीत असलेल्या या चित्रपटातील बीनची धून आजही वरातीत वाजते आणि ती ऐकताच तोंडात रुमाल धरून जमिनीवर लोळणारा एक तरी वऱ्हाडी निघतोच. ती बीन मुळात बीन नव्हती. कल्याणजी-आनंदजी या जोडीतील कल्याणजी यांनी ती क्लॅव्हिओलाइन या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजविली होती. तिला संगीतकार रवी यांच्या हार्मोनियमची जोड होती. क्लॅव्हिओलाइन हे फ्रान्समधील कॉन्स्तां मार्तां यांनी १९४७ मध्ये तयार केलेले छोटे पट्टीवाद्य. त्यात हवा नाही, तार नाही, कातडे नाही. आतील विद्युत मंडल ठराविक वेगाने कंप पावते, पट्टी दाबली की तो वेग बदलतो आणि स्पीकरमधून स्वर निघतो. एका वेळी एकच स्वर वाजतो. बीन हेही एका वेळी एकच सूर चालविणारे वाद्य असल्याने नक्कल हुबेहूब वठली.

पुढे जे झाले ते अधिक रंजक आहे. ब्रास बँडवाल्यांनी ती धून क्लॅरिनेटवर उचलली. म्हणजे गारुड्याच्या बीनची नक्कल यंत्राने केली आणि यंत्राच्या नकलेची नक्कल गावोगावच्या बँडवाल्यांनी केली. आज ऑपरेटर जी ‘नागिन’ वाजवितो ती बहुतेक वेळा या सगळ्यांची मिसळ असते.

वीज वापरून स्वर काढण्याची कल्पना त्याहून जुनी. रशियन शास्त्रज्ञ लेव्ह थेरेमिन यांनी १९२० च्या सुमारास हात न लावता हवेत हातवारे करून वाजणारे वाद्य बनविले होते. १९६४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी आपला सिंथेसायझर पुढे आणला, तेव्हा मात्र या विद्येला खरा आकार आला. मूग यांच्या यंत्रात स्वराचा उगम, त्याचा पोत आणि त्याचा चढउतार हे तिन्ही भाग वेगवेगळे होते आणि ते तारांनी हवे तसे जोडता येत. शिल्पकाराने दगडातून नको तेवढा भाग काढून टाकावा, तसे आधी भरगच्च ध्वनी निर्माण करून त्यातील नको त्या कंपनसंख्या गाळून टाकायच्या, असे त्याचे तंत्र.

मूगचे हे यंत्र भारतात कुठे प्रथम गाजले, तर मुंबईच्या चित्रपटसृष्टीत असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूगसह एक इलेक्ट्रॉनिक संगीत कक्ष उभा राहिला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तेथे १९७२ पर्यंत प्रयोग केले. त्या ध्वनिफिती पुढे संस्थेच्या संग्रहात विस्मरणात पडून राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल परगस यांना त्या हाती लागल्यानंतर २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. अर्धशतक उशिरा ऐकू आलेले हे संगीत कुणाच्याही लग्नात वाजणार नाही, पण आपल्याकडे या विद्येची सुरुवात केवळ नकलेवर झाली नव्हती, याचा तो पुरावा आहे.

मुंबईत मूग सिंथेसायझर रुळविण्याचे श्रेय केर्सी लॉर्ड यांना दिले जाते. तालवाद्ये, अकॉर्डियन, पट्टीवाद्ये अशा सर्वांत हुकमत असलेला हा पारशी वादक ऑक्टोबर २०१६ मध्ये निवर्तला. सत्तरच्या दशकातील हिंदी चित्रपटांत अंतराळातून आल्यासारखे जे सूर ऐकू येतात, त्यांमागे लॉर्ड यांच्यासारख्या मोजक्या वादकांचे हात होते. श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव मोठे असे आणि वादकांची नावे बहुधा नसतच. वादकाचे नाव पुसण्याची सवय डीजेच्या भिंतीने लावली असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल. ती सवय जुनी आहे.

दहा राग, एक यंत्र

अशाच एका अनाम वादकाने १९८२ मध्ये मुंबईत जे केले, ते आता जगभरच्या संगीताच्या इतिहासात नोंदले गेले आहे. चरणजित सिंग हे चित्रपट संगीतातील वादक. रोलँड या जपानी कंपनीची तीन नवी यंत्रे त्यांच्या हाती आली होती. टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे खर्जाचे यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. त्यांनी भैरव, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविले आणि एचएमव्हीने ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या नावाने ती तबकडी काढली. ती चालली नाही.

टीबी-३०३ हे यंत्र स्वतःच फसलेले होते. एकट्या गिटारवादकाला सरावासाठी खर्जाची साथ मिळावी म्हणून ते बनविले गेले, पण त्याचा आवाज खऱ्या बास गिटारसारखा मुळीच नव्हता. १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागले आणि शिकागोतील हौशी कृष्णवर्णीय तरुणांनी त्याच्या कळा भलत्याच फिरवून पाहिल्या. त्यातून किंचाळणारा, ओला, पिळवटलेला असा जो आवाज निघाला, त्यावर १९८७ मध्ये फ्यूचर या चमूची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही रचना आली आणि ‘अ‍ॅसिड हाऊस’ हा प्रकार जन्मला. मुंबईतील ती विस्मृत तबकडी २०१० मध्ये परदेशात पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा ऐकणारे थक्क झाले. तोच ३०३, तोच ८०८, तसाच अखंड ठेका आणि काळ पाच वर्षे आधीचा! चरणजित सिंग यांनी अ‍ॅसिड हाऊस ‘शोधले’ असे म्हणणे अतिशयोक्तीचे आहे. शिकागोच्या तरुणांनी ते ऐकले नव्हते आणि सिंग यांना राग वाजवायचे होते, नवा प्रकार काढायचा नव्हता. तरीही या योगायोगामागे एक कारण आहे. ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. तिला आपण मींड म्हणतो. रागाला जे हवे होते, तेच त्या यंत्रात नेमके होते. उतारवयात सिंग यांना युरोपातील रसिकांसमोर ही रचना वाजविण्याचा मान मिळाला. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

मींडेचा मुद्दा येथे थोडा अधिक स्पष्ट करायला हवा, कारण पट्टीवाद्यांविषयीची आपली जुनी तक्रार तीच आहे. पट्टीवर स्वर ठोकळ्यासारखे बसविलेले असतात. दोन पट्ट्यांमधली जागा मिळत नाही. याच कारणास्तव आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दरवाजे बंद ठेवले होते. त्या काळातही महाराष्ट्रातील नाट्यसंगीत आणि भजनी मंडळे हार्मोनियमवाचून एक दिवस राहिली नाहीत, हा भाग वेगळा. पुढे कॅसिओ आला तेव्हाही शास्त्रकारांनी हीच तक्रार केली, आणि लोकांनी तेव्हाही ती ऐकली नाही.

बेंजो, कॅसिओ, ऑक्टोपॅड

१९८० मध्ये कॅसिओ या जपानी कंपनीने, तोपर्यंत घड्याळे आणि कॅल्क्युलेटरसाठी प्रसिद्ध असलेल्या, आपले पहिले पट्टीवाद्य बाजारात आणले. थोड्याच वर्षांत ‘कॅसिओ’ हे आपल्याकडे कंपनीचे नाव न राहता वाद्याचे नाव झाले. १९८३ मध्ये ‘मिडी’ ही व्यवस्था आली. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू लागली. मिडीमध्ये आवाज नसतो, फक्त सूचना असतात - कोणता स्वर, किती जोराने, किती वेळ. भातखंडे यांच्या स्वरलिपीत जसे कागदावर गाणे नसते, गायचे कसे ते असते, तसेच. ही स्वरलिपी यंत्र वाचते आणि कधीही चुकत नाही, एवढाच फरक. १९८५ मध्ये रोलँडने ‘ऑक्टोपॅड’ आणला. आठ रबरी चौकोन, त्यावर काठी मारली की हवे ते तालवाद्य वाजते.

ही तीन यंत्रे महाराष्ट्राच्या रस्त्यावर आणि तंबूत कशी शिरली, हा या संपूर्ण इतिहासातील सर्वांत कमी लिहिला गेलेला भाग आहे. मुंबई-कोकणात बेंजो पार्टी आधीपासून होती. टाइपरायटरसारख्या कळा असलेल्या बुलबुलतरंगाला पिकअप बसवून तो कर्ण्यातून वाजविण्याची युक्ती कुण्या नामवंत संगीतकाराने काढलेली नाही. ती गल्लीतील पोरांची. तोच हा आपला बेंजो. त्याच्या जोडीला कॅसिओ आणि ऑक्टोपॅड आले, की गणपतीची मिरवणूक, हळद आणि साखरपुडा अशा सगळ्यांची सोय दहा-बारा जणांत होऊ लागली. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये याच वादकांवर ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट केला. तोवर रस्त्यावरचा खरा बेंजो ओसरू लागला होता.

शिरूरपासून फार दूर नसलेल्या नारायणगावात, जेथे गुढीपाडव्याच्या सुमारास राहुट्या टाकून यात्रा-जत्रांच्या सुपाऱ्या घेतल्या जातात, त्या तमाशा फडांतही हेच झाले. ढोलकी, हलगी, तुणतुणे, कडे या साजात कॅसिओ, ऑक्टोपॅड आणि ड्रमसेट येऊन बसले. प्रेक्षकांना चित्रपटातील गाणी हुबेहूब हवी होती आणि हुबेहूब ऐकविणारे यंत्र फडाच्या मालकास परवडत होते. ढोलकीवाला तरीही टिकला, कारण लावणीच्या नृत्यातील पावलाशी सवाल-जबाब करणे आठ रबरी चौकोनांना जमण्यासारखे नव्हते.

जे टिकले नाहीत त्यांची दखल क्वचितच घेतली जाते. वरातीपुढचा हलगीवाला, संबळवाला, सनईवाला. हलगी मातंग समाजातील वादकांच्या पिढ्यांनी सांभाळली. संबळ गोंधळ्यांच्या घरात वाढले. ऑक्टोपॅडच्या पुढच्या आवृत्त्यांत ध्वनीचा नमुना साठविण्याची, म्हणजे ‘सॅम्पल’ची सोय झाली. मग कधीतरी, कुठेतरी, एखाद्या हलगीवाल्याने एका ध्वनिमुद्रण कक्षात हलगीवर चार थापा मारल्या आणि त्या थापा यंत्रात गेल्या. त्याला त्या दिवसाची बिदागी मिळाली असेल. त्यानंतर त्याच थापा किती हजार वराती नाचवून गेल्या, याचा हिशेब कुणाजवळ नाही, आणि वरातीत पुढे चालण्यासाठी त्याच्या नातवाला मात्र कुणी बोलावीत नाही. इलेक्ट्रॉनिक संगीताने काय दिले याची चर्चा पुष्कळ होते. काय नेले, याचा हिशेब या हलगीपासून सुरू करावा लागेल.

संगणक आला

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बेल्जियमच्या एका कंपनीने ‘फ्रूटी लूप्स’ नावाची संगणक-प्रणाली आणली. मूगचे भिंतभर पसरलेले यंत्र, ८०८, ३०३, ध्वनिमुद्रण कक्ष हे सगळे तिने पडद्यावरील चौकटींत आणून ठेवले. पुढे तिचे नाव ‘एफएल स्टुडिओ’ झाले. तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत बसणाऱ्या मुलाला आता वाद्य विकत घ्यावे लागत नव्हते. प्रणालीसुद्धा अनेकांनी विकत घेतली नाही, हेही खरे.

या मुलांनी जे केले त्याला समीक्षकांनी नाव ठेवले नाही म्हणून त्यांनी स्वतःच ठेवले - ‘हलगी मिक्स’, ‘संबळ मिक्स’, ‘ढोल-ताशा मिक्स’. जुने कोळीगीत, भीमगीत, देवीचे गाणे, शिवजयंतीचे गाणे, लावणी, काहीही घ्यावे. त्याचा वेग वाढवावा. मधे गाणे थांबवून ताल चढवत न्यावा, क्षणभर शांतता ठेवावी आणि मग खर्जाचा आवाज एकदम कोसळवावा. युरोपात या कोसळण्याला ‘ड्रॉप’ म्हणतात. हेच आपल्या हलगीवाल्यांना आधी ठाऊक होते. ठेका वाढवीत नेऊन एकदम तोडण्याची आणि पुन्हा पकडण्याची कला कोणत्याही यात्रेत पाहायला मिळे. त्यामुळे ही मिक्स नुसती उचलेगिरी आहेत, असे म्हणणे मला पटत नाही. त्यांतील उत्तम मिक्समध्ये तालाची जाण आहे आणि वाईट मिक्समध्ये फक्त आवाज आहे, जसे प्रत्येक संगीतात असते.

नेमका येथेच एक फाटा फुटला. दोन डीजे समोरासमोर उभे करून कुणाची भिंत जोरात, याची चढाओढ सुरू झाली, आणि त्या चढाओढीसाठी खास ‘कॉम्पिटिशन’ ट्रॅक तयार होऊ लागले. त्यांत गाणे नसतेच. एक धीरगंभीर इंग्रजी आवाज इशारा देतो, भोंगे वाजतात आणि स्पीकरच्या कागदी पडद्याची कसोटी लागेल असा खर्ज सुटतो. जगातील बहुतेक संगीत माणसाने ऐकावे म्हणून बनते. हे संगीत यंत्राने सोसावे म्हणून बनलेले आहे.

अंजुण्याहून केसनंदला

याच काळात या संगीताची दुसरी धारा महाराष्ट्राच्या दारात आली होती. गोव्यात अंजुणे-वागातोरच्या किनाऱ्यावर सत्तरच्या दशकापासून परदेशी हिप्पींच्या रात्री चालत. आरंभी रॉक, मग ऐंशीच्या दशकात युरोपचे इलेक्ट्रॉनिक संगीत. उष्णतेने आणि दमटपणाने व्हिनाइलच्या तबकड्या वाकत, म्हणून तेथील वादक कॅसेट आणि पुढे डॅट फिती वापरीत. फितीवर तबकडीसारखे हाताने मागेपुढे करता येत नाही. त्यामुळे तुकडे जोडण्याऐवजी लांबलचक, हळूहळू बदलत जाणाऱ्या रचना निवडल्या जाऊ लागल्या. ‘गोवा ट्रान्स’ची ती हळूहळू उलगडणारी धाटणी अध्यात्मातून आली असे सांगितले जाते, थोडी ती गोव्याच्या हवेतूनही आली. या प्रकाराचा आद्य पुरुष मानला गेलेला गोवा गिल हा कॅलिफोर्नियाचा माणूस ऑक्टोबर २०२३ मध्ये वारला. त्या रात्रींचे स्थानिक सूत्र मात्र चटया टाकून, स्टोव्ह पेटवून पहाटेपर्यंत चहा-ऑम्लेट विकणाऱ्या गोव्याच्या बायका सांभाळत.

२००७ च्या डिसेंबरात कांदोळीला ‘सनबर्न’ महोत्सव सुरू झाला आणि किनाऱ्यावरची फुकट रात्र तिकिटाची झाली. २०१६ मध्ये हा महोत्सव गोवा सोडून पुणे जिल्ह्यात आला. जागा होती केसनंद - वाघोलीजवळचे, म्हणजे वढूच्या लोकांच्या पुण्याला जाण्याच्या वाटेवरून थोडेसे आत. २८ ते ३१ डिसेंबर २०१६ या चार दिवसांत ज्या संगीतासाठी लोक विमानाने जात, ते संगीत उसाच्या आणि वीटभट्ट्यांच्या या पट्ट्यात वाजले. त्याही वेळी परवानग्यांवरून वाद झालाच. पुढे महोत्सव पुण्याच्या दुसऱ्या अंगाला गेला आणि २०१९ मध्ये गोव्यात परतला. २०२४ मध्ये पेडणे तालुक्यातील धारगळला तो भरला, तेव्हाही ग्रामस्थांचा विरोध होता.

केसनंदचा मंच आणि वढूच्या वाटेवरची ट्रॉली यांत तांत्रिक फरक असा फारसा नाही. तोच लॅपटॉप, तसाच खर्ज, तोच ड्रॉप. एकीकडे मंचावरील माणसाचे नाव तिकिटावर छापलेले असते, आणि दुसरीकडे भिंतीवर मालकाच्या कंपनीचे नाव दिव्यांनी लिहिलेले असते. ऑपरेटरचे नाव कुठेच नसते.

कायदा काय मोजतो

‘ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००’ अन्वये निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकास बंदी असून, राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये या बंदीवर शिक्कामोर्तब केले. २०१८ च्या गणेशोत्सवात ध्वनियंत्रणा व्यावसायिकांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. विसर्जन मिरवणुकीत डीजेला परवानगी देण्यास न्यायालयाने त्या वेळी नकार दिला.

डेसिबलचे गणित साधे नाही आणि म्हणूनच ५५ व १०५ यांतील अंतर आपल्याला कळत नाही. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे १०५ डेसिबलचा आवाज ५५ च्या दुप्पट नसून एक लाख पट ऊर्जेचा असतो. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलमध्ये आठ तास राहणे ही कानाची मर्यादा मानली जाते. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. वरात किती वेळ चालते हे वाचकांना सांगायला नको. ऑपरेटर तर हंगामभर त्या भिंतीशेजारी असतो.

आणखी एक बाब सहसा सांगितली जात नाही. नियमातील मोजमाप ‘डीबी (ए)’ या पट्टीने होते. ही पट्टी माणसाच्या कानासारखी घडविलेली असल्याने खर्जाचे स्वर ती कमी धरते. डीजेची सगळी ताकद तर खर्जातच असते. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ सात मीटर भरते. विटेची भिंत तिला फारशी अडवीत नाही. त्यामुळे मापकावर आकडा दिसतो त्याहून अधिक हादरा घरातील म्हाताऱ्या माणसाच्या छातीला बसतो. तक्रारदार आणि मंडळाचे कार्यकर्ते दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात ते यामुळे.

डीजे नको तर ढोल-ताशा घ्या, असे पुण्यात म्हटले जाते. तेथेही प्रश्न संपलेला नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये पथकातील वादकांची संख्या ३० वर आणली आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये त्या मर्यादेस स्थगिती दिली. गोंगाट कातड्याचाही असतो. फक्त ढोल वाजविणाऱ्याचे हात दुखतात आणि तो थांबतो. भिंतीचे हात दुखत नाहीत.

नाव परत येते आहे

अलीकडे एक बदल दिसतो. पुण्यात वाढलेल्या आणि लहानपणी ध्रुपद शिकलेल्या ऋत्विज या तरुणाचे ‘उड गये’ २०१७ मध्ये आले. त्यातील गळ्याची फिरत यंत्राच्या ठेक्यावर ज्या सहजपणे बसते, ती नुसत्या ‘फ्यूजन’ची कारागिरी वाटत नाही. २०२४ मध्ये मुंबईचा क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचे ‘तांबडी चामडी’ हे मराठी गाणे परदेशी डान्स कंपनीमार्फत प्रसिद्ध होऊन देशोदेशीच्या मंचांवर वाजले. क्रेटेक्स आपल्या प्रकाराला मराठी हाऊस म्हणतो. या गाण्यातील मराठी कुणी शुद्ध केलेली नाही, आणि त्यातच त्याची गंमत आहे. सत्तर वर्षांपूर्वी यंत्राने आपल्या बीनची नक्कल केली होती. आता आपली बोली यंत्राला चालविते आहे, आणि चालविणाऱ्याचे नाव लोकांना ठाऊक आहे.

हलगीवाल्यापर्यंत हे पोचलेले नाही. त्याच्या थापेचा नमुना घेतला, तर त्याचे नाव आणि त्याचा वाटा लिहून ठेवावा, एवढी साधी पद्धतही मिक्स करणाऱ्यांत रुळलेली नाही. चित्रपट संगीतातील गीतकार-संगीतकारांच्या स्वामित्व शुल्कासाठी २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. रस्त्यावरच्या चार थापांना तिचा उपयोग झालेला नाही.

वढूच्या वाटेवर दहाला काही मिनिटे उरली, की वरातीतील मंडळी ऑपरेटरभोवती गोळा होतात. शेवटचे गाणे कोणते, यावर थोडी हुज्जत होते. मग बहुधा एकच नाव पुढे येते. लॅपटॉपवर त्याच्याजवळ त्या गाण्याच्या सात-आठ आवृत्त्या असतात. तो ‘नागिन हलगी मिक्स’ निवडतो, आणि कुणीतरी खिशातून रुमाल काढतो.